घरात किती माणसं

तिरोडा
२९ डिसेंबर २०१०

भूमेश्वरी,

दरवर्षीचं पत्र लिहायला बसले आहे. आपला नियम तुला आठवत असेलच. वर्षातलं एक बरं, एक वाईट, आणि खोटं काही नाही. गोंदियाचं कॉलेज सुटलं त्या वर्षी मी हा नियम केला आणि तू हसत हसत मान्य केलास. छत्तीस वर्षं झाली.

आधी बरं. यंदा दहावीला माझ्या वर्गातली एकही मुलगी गणितात नापास झाली नाही. बंटीला नागपुरात नोकरी लागली. सून समजूतदार आहे, फोनवर फार बोलत नाही. गुडघा दुखतो, पण पुढच्या ऑगस्टात निवृत्त होईपर्यंत टिकेल.

आता वाईट. हे मी मे महिन्यापासून कुणाला सांगितलेलं नाही.

जनगणनेच्या घरयादीचं काम माझ्याकडे आलं आणि गाव मिळालं ते तुझं माहेर. अठरा मेला दुपारी मी तुझ्या भावाच्या घरी होते. पुरनलालभाऊ बालाघाटला लग्नाला गेले होते. ऊन असं की पेनातली शाई कागदावर पोचायच्या आत वाळत होती. राजकुमारीवहिनी ओसरीत बसल्या. मी नावं विचारली, त्यांनी सांगितली. पुरनलाल, राजकुमारी, धनेंद्र, डिलेश्वरी. मी चार नावं लिहिली. डिलेश्वरीचं शिक्षण विचारलं तेव्हा आतून आवाज आला, "नर्सिंग." आणि एक मुलगी तांब्या घेऊन बाहेर आली. म्हणाली, "मॅडम, पानी घ्या. लय ऊन हाय." मी प्यायले. पुढचे रकाने भरले, उठले.

शेजारचं घर मंदाबाईचं. तिनं उगाच माझ्या कागदांत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "चार कायले लिवले मॅडम? पुरनलालभाऊच्या घरी तीनच मानसं हायेत. पोरगी त मागच्या साली नागपुरात मेली. दहावं झालं, आमी जेवलो ना."

तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. २००९ च्या डिसेंबरात तूच लिहिलं होतंस. वाईट काय, तर भाची गेली, नर्सिंगच्या होस्टेलात मेंदूज्वरानं, प्रेतही गावी आणता आलं नाही. मी तुला सांत्वनाच्या चार ओळी लिहिल्या होत्या. उन्हात तीस घरं करून आलेल्या डोक्याला ते नाव ऐकून काहीच आठवलं नव्हतं.

मी परत गेले. दार लागलेलं होतं. बराच वेळ कडी वाजवल्यावर वहिनींनी ते वीतभर उघडलं. "कोन पोरगी, मॅडम? तुमाले ऊन लागलं." त्यांच्या मागे घरात काळोख होता आणि त्या काळोखात कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं मला वाटलं. मी पायरीवर बसून डिलेश्वरीच्या नावावर रेघ मारली आणि बाजूला सही केली.

त्या दिवसापासून वर्गात हजेरी घेताना शेवटच्या नावानंतर मी थांबते. कुणीतरी राहिलं आहे असं वाटतं. मुली एकमेकींकडे बघतात. परवा एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, झाली ना हजेरी."

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आईबापांची मी मुलगी. भूतपिशाच्च मी मानत नाही, मानणाऱ्यांना वर्गात उभं करते. मग मी पाणी कुणाच्या हातून प्यायले? माझी आई शेवटची तीन वर्षं भिंतीशी बोलत होती, ते तू पाहिलं आहेस. तेच माझं सुरू झालं असेल तर मला मुलींसमोर उभं राहायचा हक्क नाही, आणि तसं असेल तर निवृत्तीची वाट न बघता मी घरी बसेन. तू तिची आत्या आहेस. तुझं मत मला हवं आहे. सांत्वन नको.

अलका


देवरी
३ जानेवारी २०११

प्रिय अलका,

तुझं पत्र म्हणजे शाळेचा निकाल, उघडायच्या आधी मी अजून देवाला हात जोडते. या वेळी वाचून झाल्यावरही जोडले.

माझं बरं असं की धान साजरं झालं, आणि अकरा तारखेला उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला आहे. सध्या तुझं टपोरं अक्षरसुद्धा मला मुंग्यांसारखं दिसतं. वाईट म्हणशील तर तुझं पत्रच.

तुझं डोकं ठिकाणावर आहे. तुझं डोकं बिघडलं तर जिल्ह्यातल्या घड्याळांनी काय करावं? तुला ऊन लागलं असेल. किंवा, तू हसशील, पण आमच्यात म्हणतात की कुमारी गेलेली पोर घर सोडत नाही. वहिनीनं तिचं नाव सवयीनं सांगितलं असेल. आईच्या तोंडून लेकराचं नाव एका वर्षात जात नाही.

पण मला एक सांग. तिच्या हातात बांगड्या होत्या का? कोणत्या रंगाच्या? अंगानं कशी दिसत होती, वाळलेली की भरलेली? पायात काही होतं का? चेहरा बरा होता का? तू बारीक पाहतेस म्हणून विचारते, दुसरं काही नाही.

आणि यातलं दादाला काही कळवू नकोस. माझं हे पत्रही फाडून टाक.

तुझी
भूमेश्वरी


तिरोडा
९ जानेवारी २०११

भूमेश्वरी,

पत्र फाडलं नाही. चार वेळा वाचलं.

भुताच्या बांगड्यांचा रंग कुणी विचारत नाही. चेहरा बरा होता का, हे तर मुळीच नाही. ते जिवंत माणसाबद्दल विचारतात.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. बांगड्या हिरव्या. पायात जोडवी. अंगानं भरलेली. तांब्या देताना दुसरा हात कमरेवर होता आणि पदर पोटावरून पुढे ओढलेला होता. पाचवा महिना असेल, फार तर सहावा. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात मी 'विवाहित' लिहिलं होतं, कारण वहिनींनी तसं सांगितलं होतं. तू मात्र 'कुमारी गेलेली' म्हणतेस. हे सगळं माझ्यासमोर होतं आणि मी आठ महिने स्वतःच्या डोक्यावर संशय घेत बसले.

भुतं गरोदर नसतात. डिलेश्वरी जिवंत आहे. बाप घरी नसताना आईकडे आली होती. आणि हे तुला ठाऊक आहे.

तू मला खोटं लिहिलंस. नियम मोडलास, तेही मरणाबद्दल. का, ते कळव.

अलका


देवरी
६ फेब्रुवारी २०११

अलका,

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या डोळ्याला पट्टी होती. हे घरातून दुकानात गेले होते. संक्रांतीचे लाडू घेऊन दादा आला होता. पोस्टमननं पत्र त्याच्या हातात दिलं. मी म्हटलं, "अलकाचं असेल, शाळेतलं काहीबाही. वाच." तू इतक्या लवकर लिहिशील आणि ते लिहिशील, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

त्यानं मोठ्यानं वाचलं. तुझं अक्षर छापील, त्याला कुठं अडलं नाही. बांगड्यांपाशी मी म्हटलं, राहू दे. तो थांबला नाही. भुतं गरोदर नसतात, इथपर्यंत वाचलं. पुढचं मनात वाचलं असावं. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बाईचा अक्षर साजरा हाय." चहा पिऊन तीनच्या गाडीनं गेला.

आता तुला का ते हवं आहे. ऐक.

डिलूनं २००९ च्या जूनमध्ये नागपुरात लग्न केलं. मुलगा संघदीप, गोंदियाजवळच्या गोरेगावकडचा, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. दादाला चिठ्ठी आली तेव्हा तो विळा घेऊन निघाला होता. धनेंद्रचं लग्न कुठं जमेल, समाजात बसायचं कसं, हेच त्याच्या तोंडात. मी त्याला अडवलं. मी म्हटलं, दादा, मारायला जाऊ नको, मेली म्हण. नागपुरात मेली, तिकडंच जाळली, कोण बघायला जातं? तो विळा खाली ठेवून बसला. दहा दिवसांनी मुंडन केलं, गावजेवण दिलं. वहिनी पंगतीत वाढत होती. मी तिला म्हटलं, थोडी तरी रड, लोक बघतात.

मला वाटलं, मी पोरीचा जीव वाचवला. अजूनही कधी कधी वाटतं.

तुला का नाही सांगितलं? मुलगा तुमच्यातला आहे म्हणून. तुला कोणत्या तोंडानं सांगू की तुझ्या समाजातल्या पोराशी लग्न केलं म्हणून आम्ही पोर मेली असं सांगतो? मेंदूज्वर लिहिणं सोपं होतं.

दादा त्या दिवसापासून फोन उचलत नाही. वहिनीचं काय झालं, मला माहीत नाही.

भूमेश्वरी


तिरोडा
२४ फेब्रुवारी २०११

भूमेश्वरी,

तुझ्या शेवटच्या कारणाबद्दल आधी लिहिते आणि संपवते. कॉलेजात तीन वर्षं तू माझ्या डब्यातलं जेवलीस. माझ्या आईनं तुझ्यासाठी मिरची कमी घातली. मला वाटत होतं, तुझ्या मनात ती रेघ नाही. होती. आता मला माहीत आहे. यावर तुझं काही स्पष्टीकरण नको.

दुसरी गोष्ट माझी. घरोघर मिळालेली माहिती बाहेर बोलायची नाही, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगतात. नव्या शिक्षकांना ते मी बजावत होते. आणि मी ती पत्रात लिहून पोस्टात टाकली. बापापासून लपलेली मुलगी मी बापाच्या हातात दिली, सुवाच्य अक्षरात. हे तुझ्यावर ढकलता येत नाही.

आता जे झालं ते. हे लिहिणंही नियमाबाहेर आहे, पण आता नियम पाळून कुणाचं भलं होणार आहे असं मला दिसत नाही.

एकवीस तारखेला जनगणनेच्या दुसऱ्या फेरीसाठी मी त्या घरी गेले. पुरनलालभाऊ खाटेवर बसले होते. उठले नाहीत. धनेंद्र बैलाचा दोर हातात घेऊन खांबाला टेकून उभा होता.

मी विचारलं, "घरात किती माणसं?"

"दोन."

"नावं सांगा."

"पुरनलाल. धनेंद्र. लिवा."

"राजकुमारीबाई?"

"मेली."

मी पेन खाली ठेवलं. "केव्हा?"

"संक्रांतीच्या पाठीमागं."

"कशानं?"

"तुमच्या कागदावर तो रकाना हाय का, मॅडम?"

नाही, तो रकाना नाही. मी धनेंद्रला विचारलं, आई कुठं आहे. तो बापाकडे बघून म्हणाला, "बाबूजी सांगून राहिले ना."

अंगणात दोरीवर एक हिरवं लुगडं होतं. वाळून कडक झालेलं, वर धुळीचा थर. कितीतरी दिवसांत कुणी काढलं नव्हतं. वाऱ्यानं हलत होतं तेव्हा आतून कुणी बाहेर येत आहे असं वाटत होतं, आणि कुणी येत नव्हतं.

मंदाबाईकडे गेले. एरवी माझ्या कागदांत डोकावणारी ती बाई तांदूळ निवडत खाली बघत राहिली. "आमाले काई मालूम नाई, मॅडम. एक दिवस दिसली नाई, बस."

"पोलिसात कुणी गेलं?"

"कायले जातीन? पुरनलालभाऊ मेली म्हनते त मेली."

घरचा माणूस सांगेल ते लिहायचं, हा नियम. मी दोन लिहिलं. सही घेतली.

परतताना चोरखमारा तलावाच्या पाळीवर गाडी थांबवली. उन्हाळी धानाला पाणी सुटलेलं, तलाव बराच खाली गेला होता. मी काठाकाठानं चालत गेले, गुडघा दुखेपर्यंत. काय शोधत होते ते लिहीत नाही. तिथून तिरोड्याच्या ठाण्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, "बाई, तक्रार नातेवाइकानं द्यावी लागते. तुम्ही कोण?" मी परत फिरले.

तू नणंद आहेस. तक्रार तू देऊ शकतेस. निदान एवढं शोध आणि लिही: राजकुमारीवहिनी जिवंत आहेत की नाहीत?

अलका


तिरोडा
१० जुलै २०११
(पोस्टकार्ड)

भूमेश्वरी,

साडेचार महिने झाले. दोन पत्रं गेली, फोन तुझ्या घरी कुणी ना कुणी उचलून ठेवून देतं. धानाची रोवणी सुरू झाली आहे. रस्त्यानं जाताना बांध्यांत वाकलेल्या बायांमध्ये मी एक चेहरा शोधते. एखादी पाठमोरी तशी दिसली की गाडी थांबवते. ती वळते आणि दुसरीच असते.

हो किंवा नाही. एक शब्द पुरे.

अलका


देवरी
१२ नोव्हेंबर २०११

अलका,

हो.

एवढा एक शब्द लिहून पाकीट बंद करणार होते. पण मग राहिलेलं तू कुठून ऐकशील?

इतके महिने मला माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. दादानं मलाही मेली एवढंच सांगितलं होतं. तक्रार द्यायची म्हणजे भावाविरुद्ध. मी ठाण्याच्या फाटकापर्यंत एकदा गेले आणि परत आले. पावसाळाभर तलाव भरत चालल्याच्या बातम्या हे वाचून दाखवायचे आणि मी कानावर हात ठेवायची. तू पाळीवर चालल्याचं वाचल्यापासून मीही स्वप्नात तिथंच चालत होते.

दिवाळीनंतर माहेरी मंडईची जत्रा होती. सगळ्या लेकी गावी येतात, म्हणून मीही गेले. दादा पाहुण्यांत बसला होता, हसत होता. दंडारीचा खेळ सुरू झाला तेव्हा धनेंद्र मागून आला आणि कानाशी म्हणाला, "फुई, आई गोंदियाले हाय. दीदीकडे. मीच गाडीवर बसवून स्टेशनवर सोडली. बाबूजीले मालूम हाय, पन नाव काढाचं नाही." संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दादानं वहिनीला विचारलं होतं, पोरगी आली होती का. ती म्हणाली, आली होती, आणि पुन्हा बोलावीन. तो म्हणाला, मग तूही तिच्यातच गेलीस. मारलं नाही, ओरडला नाही. पण त्या दिवसापासून ती समोर असतानाही ती नाहीच असं वागला. तिनं ताट वाढलं तर धनेंद्रला म्हणायचा, घरात बाई नाही, तू भात टाक. नवव्या दिवशी ती निघाली.

हे मी त्याला शिकवलं होतं, अलका. माणूस जितं ठेवून मारायचं कसं, ते.

मी गोंदियाला गेले. कुडव्याकडे त्यांच्या दोन खोल्या आहेत, नागपूर सोडून ती दोघं आता तिथं राहतात. मंगळवार होता, डिलूच्या दवाखान्याची सुट्टी. दार तिनंच उघडलं. कडेवर वर्षाचं पोर. मी म्हटलं, "डिलू, मी. आत्या."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागानं नाही. एखाद्या पेशंटला पाहावं तसं. मग शुद्ध मराठीत, तुझ्या शाळेत शिकल्यासारखी बोलली. "माझी एक आत्या होती. २००९ साली वारली. आम्ही तिचं काही केलं नाही, ऐपत नव्हती."

आत वहिनी भाजी चिरत बसली होती. मला विळीचा आवाज येत होता. तो थांबला. मी म्हटलं, "वहिनी." विळी पुन्हा सुरू झाली.

डिलूनं दार हळू लावलं, आपटलं नाही. मी पायरीवर उभी राहिले. शेजारची बाई पाणी भरायला आली, माझ्या अंगावरून निघून गेली, विचारलंसुद्धा नाही कुणाकडे आलात. मी घरी आल्यापासून कुणी हाक मारली की लगेच ओ देत नाही. आधी वाटतं, दुसऱ्या कुणाला असेल.

भूमेश्वरी


तिरोडा
३० डिसेंबर २०११

भूमेश्वरी,

वर्षाचं पत्र. नियम तोच, आणि या वर्षी तुझ्याकडूनही तोच राहील.

बरं: राजकुमारीवहिनी आणि डिलेश्वरी जिवंत आहेत. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी घड्याळ दिलं, त्याहून हे बरं आहे.

वाईट: त्या घरासमोर मी लिहिलेलं 'दोन' आता मोजणीत गेलं आहे. मी तहसीलला जाऊन विचारलं. कारकून म्हणाला, "मॅडम, आता ते बदलत नसतं. एक माणूस इकडं तिकडं, काय फरक पडतो?" मी त्याच्याशी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. तू जिवंत आहेस. पायरीवर एक दिवस उभं राहून कुणी भूत होत नाही, आणि झाल्यासारखं वाटून घेणं ही पळवाट आहे. तुला जे एक दिवस वाटलं ते त्या मुलीनं अडीच वर्षं भोगलं, आणि मूल जन्माला घातलं, आणि नोकरी केली, आणि आईला घरात घेतलं.

तेव्हा मंगळवारी, तीन तारखेला, देवरीहून सकाळची बस धर. मी तिरोड्याहून गाडीनं येते. गोंदियाच्या बसस्टँडवर दहा वाजता भेट. लाडू, साडी, बाळाला काही, असलं काहीही आणू नकोस. दारात 'आत्या' म्हणू नकोस, तो शब्द तू घालवलास. म्हण, "तुला मेली म्हणा, असं सांगणारी मी." मी म्हणेन, "तुझी चुगली पत्रात लिहिणारी मी." एवढंच बोलायचं. माफी मागायची नाही, मागितली की तिला काहीतरी द्यावं लागतं.

ती दार लावील. लावू दे. आपण तासभर थांबू आणि परत येऊ. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा जाऊ. पुरनलालभाऊंना कळलं तर कळू दे, या वेळी मी स्वतःच त्यांना लिहिणार आहे, आणि पाकिटावर माझं नाव-पत्ता घालणार आहे.

किती मंगळवार लागतील ते मला सांगता येत नाही. माझे आता सगळेच मोकळे आहेत.

अलका